डब्लिनहून आलेला पोलीस

१३ मे १८३३ रोजी लंडनच्या क्लार्कनवेल भागात, कोल्डबाथ फील्ड्स या मोकळ्या जागेत, मताधिकार मागणाऱ्या कामगारांची सभा भरली होती. सरकारने सभेला मनाई केली होती. पोलिसांनी दंडुके परजत गर्दीवर चाल केली आणि त्या झटापटीत रॉबर्ट कली नावाचा तरुण शिपाई छातीत सुरा लागून मेला. मृत्यूच्या चौकशीसाठी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सतरा नागरिकांची ज्यूरी बसली. त्यांतले बहुतेक जण पाव भाजून विकणारे साधे दुकानदार होते. त्यांनी निकाल दिला की ही हत्या समर्थनीय आहे. जमावाला पांगण्याची इशारत कायद्याप्रमाणे दिली गेली नव्हती आणि पोलीसच क्रूरपणे वागले होते, असं त्यांचं कारण होतं. चौकशी अधिकाऱ्याने निकाल बदलायला सांगितलं, तरी ते हटले नाहीत. लंडनच्या लोकांनी त्यांचा जयजयकार केला, सत्कार केले. पुढे वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पण आपलं रक्षण करायला नेमलेल्या पोलिसाबद्दल शहराला काय वाटत होतं, ते लपून राहिलं नाही.

लंडनचा पोलीस पुढे जगभर नावाजला गेला, तो या तिरस्कारातून वाट काढत. लोक आपल्याला मानत नाहीत तोवर आपण टिकणार नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्याच सुमारास समुद्रापलीकडे, आयर्लंडमध्ये, त्याच सरकारने दुसरा पोलीस घडवला. त्याला लोकांनी मानावं अशी अपेक्षाच नव्हती. लोकांनी त्याला भ्यावं एवढं पुरेसं होतं. हिंदुस्थानात आला तो हा दुसरा पोलीस. आपल्या ठाण्याच्या पायरीवर आजही सरळमार्गी माणसाचे पाय का अडखळतात, याचं उत्तर शोधायचं तर तिथपर्यंत मागे जावं लागतं.

अठराव्या शतकातलं लंडन हे युरोपातलं बलाढ्य शहर, पण त्याला पोलीस नव्हता. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, वर्षभरासाठी नेमलेला बिनपगारी कॉन्स्टेबल असे आणि रात्री कंदील घेऊन फिरणारे म्हातारे पहारेकरी असत. चोर पकडून बक्षीस मिळवणं हा काही जणांचा धंदा होता. जोनाथन वाइल्ड हा त्यांतला सर्वांत नामांकित. तो चोरांच्या टोळ्याही चालवायचा आणि चोरीचा माल मालकाला परत मिळवून देण्याचे पैसेही घ्यायचा. १७२५ मध्ये तो फासावर गेला. कादंबरीकार आणि दंडाधिकारी हेन्री फील्डिंगने १७४९ च्या सुमारास बो स्ट्रीटच्या न्यायालयात मोजक्या पगारी माणसांचं एक पथक उभं केलं. त्याच्यानंतर त्याच्या अंध सावत्र भावाने, जॉन फील्डिंगने, ते वाढवलं. १७९८ मध्ये टेम्सच्या धक्क्यांवरची मालाची चोरी थांबवण्यासाठी व्यापाऱ्यांच्या पैशाने नदीवरचा पोलीस सुरू झाला. पण सगळ्या शहरासाठी एक पोलीस म्हटलं की पार्लमेंट बिथरायचं. १७८० च्या जूनमध्ये गॉर्डन दंगलीत लंडन जवळजवळ आठवडाभर जळत होतं. सैन्याच्या गोळीबारात शेकडो माणसं मेली. तरी पाच वर्षांनी आलेलं पोलीस विधेयक मागे घ्यावं लागलं.

हा विरोध आज विचित्र वाटतो, पण त्याला आधार होता. इंग्रज माणसाच्या डोळ्यांसमोर पॅरिस होतं. तिथे १६६७ पासून राजाचा पोलीसप्रमुख होता, त्याचे हेर खानावळींत बसत आणि तो लोकांची पत्रं फोडत असे. असा पोलीस इथे आला तर राजाच्या हाती जनतेविरुद्ध एक कायमचं सैन्य येईल, ही भीती श्रीमंत जमीनदारालाही होती आणि गरीब विणकरालाही. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर निःशस्त्र सभेवर घोडदळ सोडलं गेलं. पंधराच्या वर माणसं मेली आणि सगळा देश हादरला. गर्दी आवरायला तलवारीखेरीज दुसरं साधन सरकारकडे नाही, हे उघडं पडलं. त्यानंतरही १८२२ मध्ये पार्लमेंटच्या एका समितीने मुक्त समाजात प्रभावी पोलीस बसू शकत नाही असाच अभिप्राय दिला. त्या समितीचा अध्यक्ष होता गृहमंत्री रॉबर्ट पील.

हाच पील सात वर्षांनी लंडनचा पोलीस उभा करतो. १८२९ च्या जूनमध्ये कायदा झाला आणि २९ सप्टेंबरला पहिले शिपाई रस्त्यावर आले. दोन आयुक्त नेमले गेले. चार्ल्स रोवन हा वॉटर्लू लढलेला कर्नल, तर रिचर्ड मेन हा तरुण आयरिश बॅरिस्टर. एक शिस्त जाणणारा, एक कायदा जाणणारा. कचेरी व्हाइटहॉल प्लेसच्या ४ क्रमांकाच्या घरात होती. तिचं मागचं दार ग्रेट स्कॉटलंड यार्डकडे उघडायचं, आणि तेच नाव पुढे जगाच्या तोंडी बसलं.

या पोलिसाचा प्रत्येक तपशील लोकांच्या संशयाला उत्तर म्हणून ठरवलेला होता. सैनिकाचा कोट लाल, म्हणून पोलिसाचा निळा. डोक्यावर शिरस्त्राण नाही, चारचौघांसारखी उंच हॅट. हातात बंदूक नाही. कोटाच्या आत लाकडी दंडुका आणि मदत बोलवायला खुळखुळा. हेर असल्याचा आरोप येऊ नये म्हणून शिपायाने सुट्टीच्या वेळीही गणवेशातच राहायचं, आणि कामावर आहे हे कळावं म्हणून मनगटावर पट्टी बांधायची. अंगावर क्रमांक, म्हणजे तक्रार करणाऱ्याला नेमका माणूस दाखवता यावा. वरच्या जागांवर खानदानी घरची मुलं नेमायची नाहीत. शिपायांतूनच चढत जायचं, हा पीलचा आग्रह होता. पहिल्या सूचनापुस्तकातच लिहिलं गेलं की पोलिसाचं मुख्य काम गुन्हा होऊ न देणं हे आहे, गुन्हेगार पकडणं त्यानंतरचं. आठवड्याला २१ शिलिंग पगार होता, आणि नियम इतके कडक की सुरुवातीच्या काही वर्षांत हजारो शिपाई सोडून गेले किंवा काढले गेले. बरेचसे दारूपायी गेले.

पीलच्या नावावर नऊ तत्त्वांची एक यादी सर्वत्र फिरते. पोलीस प्रशिक्षणाच्या वर्गात ती भिंतीवरही लावलेली असते. ती पीलने लिहिलेली नाही. विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकाराने तिला तो आकार दिला. तिच्यातला आशय लंडनच्या पोलिसाच्या वागण्यात हळूहळू उतरला, हे खरं. पण तो एखाद्या थोर माणसाच्या लेखणीतून उतरला नाही, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. कलीच्या मृत्यूवर बसलेल्या त्या ज्यूरीसारख्या अडेलतट्टू नागरिकांनी तो पोलिसांच्या अंगी बाणवला.

आता आयर्लंडकडे वळू. पील १८१२ ते १८१८ या काळात तिथला मुख्य सचिव होता. खंड आणि चर्चचा कर यांवरून गावागावांत असंतोष धुमसत होता आणि इंग्रज जमीनदार आणि कॅथलिक कुळं यांच्यात उघड वैर होतं. पीलने १८१४ मध्ये तिथे शांतता राखणारं खास दल उभारलं. १८२२ मध्ये त्याचं काउंटीनिहाय पोलिसात रूपांतर झालं आणि १८३६ मध्ये सगळं एकत्र करून डब्लिनच्या हुकमाखाली आयरिश कॉन्स्टॅब्युलरी तयार झाली. १८६७ मध्ये फिनियन बंडखोरांचा उठाव मोडल्याबद्दल राणीने तिला ‘रॉयल’ हा किताब दिला.

तिची ठेवण लंडनच्या नेमकी उलट होती. शिपायाकडे बंदूक आणि संगीन होती. तो वस्तीत राहत नसे, बराकीत राहत असे. त्याला स्वतःच्या काउंटीत नेमणूक मिळत नसे आणि बायकोच्या माहेरच्या काउंटीतही नसे, म्हणजे नात्यागोत्याचा मोह नको. शिपाई बहुतांशी गरीब कॅथलिक शेतकऱ्यांची मुलं, अधिकारी बहुतांशी प्रॉटेस्टंट आणि थेट वरून नेमलेले. दरोडेखोर पकडण्याइतकंच कोणत्या गावात कोण काय बोलतो हे डब्लिनला कळवणं हे त्याचं काम होतं. कुळांना घराबाहेर काढताना शेजारी बंदूक घेऊन उभा असलेला तो पोलीस, ही आयरिश माणसाच्या मनातली त्याची प्रतिमा. एकाच देशाच्या सरकारने आपल्या नागरिकांसाठी एक पोलीस घडवला आणि अंकित प्रजेसाठी दुसरा. या भेदाकडे डोळेझाक करून आपल्याकडच्या पोलिसाचा इतिहास सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं होय.

हा दुसरा साचा हिंदुस्थानात आणला चार्ल्स नेपियरने. त्याचं बालपण डब्लिनजवळच्या सेलब्रिजमध्ये गेलं होतं. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर त्या प्रांतासाठी त्याने आयरिश धर्तीचं पोलीस दल उभं केलं. ते महसूल खात्यापासून वेगळं होतं, सैन्यापासूनही वेगळं, पण बांधणी सैन्याची आणि स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. सिंध पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि सिंधची ही व्यवस्था पाहून १८५३ मध्ये मुंबई सरकारने आपल्या जिल्ह्यांत पोलीस सुपरिंटेंडेंट नेमायला सुरुवात केली. म्हणजे डब्लिन, कराची, आणि मग पुणे, सातारा, नगर. आपल्या जिल्हा पोलिसाचा वंश हा असा आहे.

तो येण्याआधी महाराष्ट्रात काही नव्हतंच असं मात्र नाही. गावात पाटील होता, आणि त्याच्या हाताखाली वेसकर महार आणि रामोशी जागले होते. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली केला की आपल्या गावाची जबाबदारी सरली. माग आपल्याच शिवेत विरला तर भरपाईचा बोजा गावावर यायचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाईच्या मुलखावर लिहिलेल्या १८१९ च्या अहवालात या रचनेचं सविस्तर वर्णन आहे. पुण्यात कोतवाल होता. वजनमापं, बाजारभाव, भांडणतंटे, रात्रीची गस्त, परक्या माणसांची नोंद, सारं त्याच्याकडे. रात्रीची तोफ झाली की रस्ते बंद व्हायचे. घाशीराम सावळदास १७७७ पासून या जागेवर होता. १७९१ मध्ये त्याने कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा खवळलेल्या लोकांनी दगडांनी ठेचून त्याला मारलं.

या जुन्या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. ती जातीवर उभी होती. पहारा आणि माग हे ज्यांच्या माथी जन्माने आलं होतं, त्यांना गावाने सन्मान दिला नाही, आणि चोरी झाली की पहिला संशयही त्यांच्यावरच यायचा. तरीही त्या रचनेत एक गोष्ट होती: रक्षण करणारा माणूस गावाला उत्तरदायी होता. कंपनी सरकार आल्यावर गडांचे पहारे सुटले, वतनं आक्रसली आणि रामोशांच्या पोटावर पाय आला. पुरंदरच्या परिसरातल्या उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच पेटलं. पिढ्यान्‌पिढ्या राखण केलेल्या समाजातला हा माणूस ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर चढला.

मधल्या काळात कंपनीने महसूल गोळा करणं आणि गुन्हे तपासणं ही दोन्ही कामं एकाच नोकरवर्गाच्या हाती ठेवली होती. त्याचे परिणाम भयंकर झाले. मद्रास इलाख्यात सारा वसूल करण्यासाठी रयतेचा छळ होतो अशी ओरड पार्लमेंटपर्यंत गेली आणि चौकशी आयोग बसला. १८५५ च्या त्याच्या अहवालात बोटं लाकडी चिमट्यात दाबणं, माणसाला वाकवून दोरीने बांधून उन्हात ठेवणं, डोळ्यांत मिरचीपूड घालणं, असे प्रकार नोंदले आहेत. त्याच सुमारास नाशिक भागात पोलिसांच्या छळाने झालेला एक मृत्यू मुंबई सरकारला हादरवून गेला. महसूल आणि पोलीस वेगळे करा, ही शिफारस योग्यच होती. पण वेगळं करून जे उभं राहिलं ते १८५७ च्या उठावाच्या छायेत. १८६० मध्ये पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१ चा पाचवा कायदा, म्हणजे पोलीस कायदा, झाला. प्रजेचा विश्वास हा त्या कायद्याचा विषय नव्हता. हुकूम वरून खाली विनातक्रार जावा, जिल्हा दंडाधिकाऱ्याची पकड राहावी आणि खर्च कमी व्हावा, एवढं त्याला हवं होतं. अशांत मुलखात जादा पोलीस बसवून त्याचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करण्याची तरतूदही त्यात होती. मुंबई इलाख्याने आपले कायदे वेगळे केले, १८६७ मध्ये आणि मग १८९० मध्ये. पण सूर तोच. १८९७ मध्ये प्लेगच्या काळात प्लेग अधिकारी रँडचा खून झाला तेव्हा पुणेकरांवर हा दंडाचा पोलीस बसवला गेला आणि त्याचा कर त्यांच्याच खिशातून घेतला गेला.

या व्यवस्थेवर तिच्या निर्मात्यांचाही किती विश्वास होता, ते कायद्याच्या एका कलमात दिसतं. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरायचा नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला, १८७२ च्या पुरावा कायद्यात २५ वं कलम म्हणून बसला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ वं कलम म्हणून कायम आहे. आरोपीला वाचवणारा हा नियम मी मोलाचा मानतो. पण त्याचा दुसरा अर्थही आहे. तपास करणाऱ्याचा शब्द न्यायालयात चालणार नाही, हे गृहीत धरूनच ते खातं उभारलं गेलं. ते सुधारण्याऐवजी त्याच्यावर अविश्वास नोंदवून ठेवण्यात आला, आणि दीडशे वर्षांत तो अविश्वास मागे घेण्यासारखी परिस्थिती आली नाही.

मुंबई शहराची वाट थोडी निराळी. इथे सतराव्या शतकात कंपनीने भंडाऱ्यांचं रखवालदार दल उभारलं होतं. पुढे चार्ल्स फोर्जेट हा शहराच्या पोलिसाचा प्रमुख झाला. तो हिंदुस्थानातच वाढला होता आणि इथल्या भाषा सफाईने बोलायचा. वेष पालटून तो वस्त्यांतून फिरे आणि आपल्याच शिपायांची लाचखोरी पकडे. १८५७ मध्ये शहरातल्या सैन्यातल्या शिपायांचा कट त्याने असाच हुडकला. १५ ऑक्टोबरला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी देण्यात आलं. १८६४ मध्ये फ्रँक सूटर मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त झाला आणि १८८८ पर्यंत राहिला. लंडनसारखा आयुक्त, लंडनसारखी ठाणी. पण लंडनमध्ये शिपायाविरुद्ध निकाल देणारी जी ज्यूरी होती, तिच्यासारखं बळ इथल्या रहिवाशाच्या हाती नव्हतं. माणसाला शहराबाहेर घालवण्याचा अधिकार मुंबईच्या आयुक्ताला १९०२ च्या शहर पोलीस कायद्याने दिला. आजची तडीपारी ती हीच.

१९०२ मध्येच अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा पोलीस आयोग बसला. त्याने सरकारचीच कानउघाडणी केली: पोलीस अकार्यक्षम आहे, नीट शिकवलेला नाही, भ्रष्ट आणि जुलमी समजला जातो, आणि लोकांचं सहकार्य त्याला मिळवता आलेलं नाही. त्यातून फौजदाराची थेट भरती आली, गुन्हे अन्वेषण विभाग आला, प्रशिक्षणाची शाळा आली. आपली शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. पण याच आयोगाने शिपायाचा दर्जा कायमचा खाली बसवला. शिपायाने सांगितलेलं काम करावं, पहारा द्यावा, कैदी न्यावा. निर्णय घेणं हे फौजदारापासून वरच्यांचं. लंडनच्या पोलिसाचा पाया असा होता की रस्त्यावरचा साधा शिपाई स्वतःच्या अकलेने आणि कायद्याच्या बळावर काम करतो. इथे त्याची अक्कल कोणाला नकोच होती. आजही पोलीस दलात दहांतले आठांहून अधिक जण शिपाई आणि हवालदार आहेत, आणि नागरिकाची गाठ पडते ती त्यांच्याशीच.

आणखी एक वारसा सांगायलाच हवा. १८७१ च्या कायद्याने काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यात लागू झाला. कैकाडी, पारधी, मांग गारुडी अशा कितीतरी लोकांना ठाण्यात हजेरी लागली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. आत-बाहेर जायचं तर परवाना हवा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि हे लोक विमुक्त झाले, पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाला पहिल्यांदा कळलं की काही घरांत पोलीस हा दर काही दिवसांनी येणारा मार आहे.

हा प्रवास एकाच दिशेने झाला असंही नाही. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाते, पण तिचं गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली पोलीस कर्मचाऱ्यांनी बसवलं होतं. हेन्री ती घेऊन १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डला गेला, पुढे लंडनचा आयुक्त झाला. १९०५ मध्ये ठशाच्या पुराव्यावर लंडनमध्ये खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली. रॉयल आयरिश दल १९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र होताना मोडलं गेलं आणि त्यातले बरेच जण ब्रिटिशांच्या पॅलेस्टाइनमध्ये पोलीस म्हणून गेले. कोलकात्यात क्रांतिकारकांचा पिच्छा पुरवणारा चार्ल्स टेगार्ट १९३७ मध्ये तिथेच बोलावला गेला आणि त्याने बांधलेली पोलिसी गढ्यांची रांग त्याच्या नावाने ओळखली जाते. जिथे प्रजेला दाबायचं तिथे हीच माणसं आणि हीच पद्धत फिरत राहिली.

आयर्लंडने स्वातंत्र्य मिळताच जुनं दल मोडून नवं, निःशस्त्र पोलीस दल उभारलं. आपण तसं केलं नाही. फाळणीचा वणवा पेटलेला असताना हाताशी असलेलं यंत्र मोडणं परवडणारं नव्हतं, हे समजू शकतं. पण वणवा विझल्यावरही ते तसंच चाललं. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने शहर आणि जिल्ह्यांचे जुने कायदे एकत्र केले. त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा व्हायला २०१२ उजाडावं लागलं. गोऱ्या साहेबाच्या जागी मंत्री आला आणि बदलीचं हत्यार त्याच्या हाती गेलं.

त्याची किंमत दोघांनीही दिली, नागरिकाने आणि शिपायानेही. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचं प्रकरण उभं राहिलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. त्यावर १९७९ मध्ये चार कायदेअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतल्या बलात्काराची स्वतंत्र दखल घेतली गेली. दुसरीकडे ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे शिपाईच रस्त्यावर उतरले. कामाचे तास, घरं, साहेबांच्या घरची चाकरी, ही त्यांची गाऱ्हाणी होती. १८ ऑगस्टला त्यांच्या संघटनेचे पुढारी पकडले गेले, शहरात दंगल उसळली आणि केंद्रीय दलांना बोलावावं लागलं. संघटना मोडली गेली. गाऱ्हाणी मात्र बराच काळ तशीच राहिली. आठ तासांची पाळी मुंबईत आली ती २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून, आणि तिचा आराखडा त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने मांडला होता. शिपायाला विचारलं की तो काय देऊ शकतो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

साचा बदलता येतो हे भिवंडीने दाखवलं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचं गाव होरपळलं होतं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू-मुसलमानांच्या समित्या उभ्या केल्या, पुढारी टाळून साधी माणसं घेतली आणि प्रत्येक समितीची जबाबदारी खालच्या पोलिसावर टाकली. नळावरच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सगळं त्या बैठकांत येऊ लागलं. अफवा उठली की खरंखोटं करायला शिपायाला दार माहीत होतं आणि दाराआडच्या माणसाला शिपायाचं नाव माहीत होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत दंगलींत नऊशेच्या आसपास माणसं मेली आणि पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या वागण्यात मुस्लिमांविरुद्ध पूर्वग्रह असल्याचं नोंदवलं. त्याच दिवसांत भिवंडी शांत राहिली. कायदा तोच, खातं तेच, शिपाईही तेच होते.

मात्र एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभी राहिलेली गोष्ट त्याच्या बदलीनंतर विरू शकते. म्हणून कायदा बदलणंही भाग आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७७ ते १९८१ या काळात सुधारणा सुचवल्या. त्या धूळ खात पडल्या. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात आदेश दिले. अधिकाऱ्याला ठरावीक मुदत, बदल्यांसाठी मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, हे त्यांतले मुख्य. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्यांतले काही स्वीकारले, काही पातळ केले.

त्यांतली एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणं, अशा बाबतींत पोलिसाविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठी महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण कायद्याने स्थापन झालं आहे. तिथे जायला वकील लागत नाही, ओळख लागत नाही. हे प्राधिकरण फार थोड्यांना माहीत आहे. शेजारच्याला सांगा, आणि वेळ आलीच तर घाबरून घरी बसू नका. त्याचं दार ठोठवा.